घरचा स्टोरेज सर्व्हर, चाकणच्या ड्युटीवरून

घर निगडीत, ड्युटी चाकणला. मधे तळवड्याचं ट्रॅफिक. अशात घरचा नॅस, म्हणजे स्टोरेज सर्व्हर, बंद पडला, तर तो कंपनीतूनच सुरू करता यायला हवा.

आधी विजेचं बघा. आपल्याकडे गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात. बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' हा पर्याय चालू ठेवा. लाइट आली की मशीन आपोआप उठतं. यूपीएस यूएसबीने जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स बसवलं, की बॅटरी संपण्याआधी सर्व्हर नीट बंद होतो. इथे एक गोम आहे. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस पूर्ण संपायच्या आत लाइट आली, तर मदरबोर्डाला वीज गेल्याचं कळतच नाही आणि मशीन झोपूनच राहतं. म्हणून वेक-ऑन-लॅन सुरू ठेवा, तो सिग्नल राउटरवरून पाठवता येतो. अर्थात राउटरलाही छोटा यूपीएस हवाच.

आता बाहेरून आत शिरायचं. नॅसचं लॉगिन पान पोर्ट फॉरवर्ड करून इंटरनेटवर उघडं टाकू नका. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' रॅन्समवेअरने असेच उघडे क्यूनॅप नॅस गाठून लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या. त्याऐवजी वायरगार्ड हा व्हीपीएन वापरा. राउटरचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून थेट तुमच्या राउटरपर्यंत पोचता येत नाही. मग वायरगार्डवरच बेतलेलं टेलस्केल सोपं पडतं.

येत्या गुरुवारच्या आत मेन स्विच पाडून एकदा चाचणी घ्याच.