बालाघाटाचे चढ : सोलापुरातून सायकलवर

सोलापूर म्हटलं की सपाट माळरान, रणरणतं ऊन आणि नाकासमोर जाणारे हमरस्ते. ही समजूत बाहेरच्यांपेक्षा आपलीच जास्त पक्की आहे. घाटात सायकल चालवायची हौस आली की इथला तरुण सायकल गाडीत टाकतो आणि सिंहगडाची नाहीतर वाईच्या पसरणी घाटाची वाट धरतो. उत्तरेला बालाघाटाची कड आहे, पूर्वेला बोरी नदीचं खोरं आहे, जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महादेवाचे डोंगर आहेत. हे सगळे चढ घराच्या उंबऱ्यापासून सायकलवर गाठता येतात. ते एका जागी मांडावेत, एवढ्यासाठी हा आढावा.

सायकल या शहराला नवी नाही. जुनी गिरणी १८७७ साली उभी राहिली आणि पुढे अनेक पिढ्या शहराचा दिवस भोंग्यावर चालला. पाळीला निघालेला कामगार हँडलला डबा अडकवून सायकलवरच जायचा. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, सायकल मागे पडली. गेल्या काही वर्षांत ती परतली आहे ती पहाटेच्या व्यायामासाठी, गिअर आणि हेल्मेटसह. आता तिला शहराच्या बाहेर, डोंगराकडे न्यायला हवं.

तुळजापूर : पहिला घाट

सुरुवात तुळजापूरपासून करावी. अंतर साधारण ४५ किलोमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तर तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे दोनशे मीटर चढायचे. पण ते सगळ्या वाटेवर सारखे वाटलेले नाहीत. तामलवाडीच्या पुढेही बराच वेळ रस्ता किंचित वर, किंचित खाली होत राहतो. खरी उंची तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात मिळते.

इथे नवख्याची परीक्षा गिअरवर होते. चढ पायाखाली आला आणि चेनवर पूर्ण जोर पडला, की मग गिअर बदलायला जाऊ नये. चेन खडखडते, कधी निसटते आणि भर घाटात उतरावं लागतं. वळण दिसायच्या आधी, पाय मोकळे असतानाच हलका गिअर टाकावा. सीटवर बसून राहावं, श्वास पायडलच्या लयीत बसवावा आणि नजर पुढच्या पाच-दहा मीटरवर ठेवावी. बाजूला रस्त्यासाठी कापलेला काळा कातळ दिसतो, त्याच्यामध्ये तांबूस मुरमाचे पट्टे. दख्खनच्या लाव्ह्याचे हे थर गाडीच्या काचेतून कधी नीट दिसत नाहीत.

कोजागरीच्या सुमारास मात्र हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो. सोलापुरातून हजारो भाविक रात्रभर चालत आईच्या दर्शनाला जातात. त्या दिवसांत सायकलस्वाराने वाट त्यांना सोडावी.

नळदुर्गाची फेरी

आल्या वाटेने परतायचं नसेल तर तुळजापूरहून नळदुर्गाकडे वळावं. पठारावरचा हा तीसेक किलोमीटरचा रस्ता मला या भागातला सगळ्यात आवडता. दोन्ही बाजूंना ज्वारी-तुरीची रानं, मध्येच ओढ्यात उतरणारा उतार आणि लगेच समोर चढ. एकही चढ मोठा नाही, पण एकामागून एक येत राहिले की मांड्या भरून येतात.

नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं हे काम. धरण भरून वाहू लागलं की ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे कोसळतात. पावसाळ्याच्या शेवटी इथे पोचणाऱ्याला चढाचं मोल पुरेपूर मिळतं. पुढे इटकळ, बोरामणीवरून हैदराबादच्या महामार्गाने सोलापूर. सगळी फेरी सव्वाशे किलोमीटरच्या घरात जाते.

बार्शी, येडशी, रामलिंग

याहून मोठी फेरी बार्शीकडून. वाटेत नान्नज लागतं, १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचं गाव. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ, पण काळविटांचे कळप दिसतात. सायकलचा आवाज होत नसल्याने ती लगेच बुजत नाहीत. वैराग, बार्शी करून येडशीकडे निघालं की पुन्हा बालाघाट आडवा येतो. रामलिंग घाटाचं अभयारण्य इथलंच आणि दरीतलं महादेवाचं देऊळही. रामायणातल्या जटायूची कथा या जागेशी जोडलेली आहे. उजाड माळावरून आलेल्याला इथली झाडी पाहून हायसं वाटतं.

येडशीहून धाराशिव, तुळजापूर करत सोलापूर गाठलं की दोनशेच्या जवळपास किलोमीटर होतात. या वाटेवर जलविभाजक ओलांडला जातो. कडेच्या अलीकडे पडलेला पाऊस सीना-बोरीतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतो. पलीकडचा तेरणेतून मांजरेला आणि तिथून गोदावरीला. भूगोलाच्या पुस्तकातली ही रेघ पायांनी ओलांडता येते.

शिखर शिंगणापूर

उंचीचीच भूक असेल तर पश्चिमेला जावं लागेल. पंढरपूरला मुक्काम करून वेळापूर, माळशिरस, नातेपुते या पालखीच्या वाटेने शिंगणापूरचा पायथा गाठायचा. शंभू महादेवाचं हे देऊळ हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. चैत्रात मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून भाविक पाण्याच्या कावडी खांद्यावर घेऊन चढतात. सायकलस्वाराच्या वाट्याला येतो तो शेजारचा गाडीरस्ता. पण शेवटच्या वळणांवर तोही घाम काढतो.

ऊन, वारा, ऊस

या मुलखात चढाइतकाच वारा मोजावा लागतो. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून येतो; तुळजापूरला जाताना पाठीला लागतो आणि येताना छातीवर बसतो. थंडीत बहुधा उलट, म्हणून हिवाळ्यात जाणं जड आणि परतणं सोपं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा लांबच्या फेऱ्या टाळाव्यात. दिवाळी ते महाशिवरात्र हा खरा हंगाम.

पण तोच गाळपाचाही हंगाम. पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे लाल दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर हा इथल्या सायकलस्वाराला सगळ्यात मोठा धोका आहे. उजाडल्यावरच निघावं, मागचा दिवा दिवसाही चालू ठेवावा. कडेच्या बाभळीचे काटे टायर सहज फोडतात. दोन जादा ट्यूब आणि पंप हवाच. खायला सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्यावी. ती उन्हात विटत नाही, खिशात मावते आणि पोटाला धरून राहते.

इंग्लंडचे चढ आणि आपले

डोंगराळ सायकलवाटांसाठी इंग्लंडची ख्याती मोठी. तिथले डोंगर मात्र सह्याद्रीपुढे ठेंगणे. अवघड आहेत ते रस्ते. जुन्या पायवाटा आणि गाडीवाटा टेकडीवर सरळ चढवलेल्या, त्यावरच पुढे डांबर पडलं. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट खिंडीत काही ठिकाणी दर तीन मीटरला एक मीटर चढ आहे. आपल्याकडे १८३० साली वाहनांसाठी खुल्या झालेल्या बोरघाटापासून घाटरस्ते वळणं देत, उतार राखत बांधले गेले. म्हणून पसरणीसारखा घाट लांब असतो, दमवतो, पण एका लयीत चढता येतो.

इंग्लंडकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती नोंदीची. केंट परगण्यातली कॅटफर्ड क्लबची चढाची शर्यत १८८७ पासूनची आहे. सायमन वॉरन यांनी २०१० साली ब्रिटनमधल्या शंभर चढांचं खिशात मावणारं पुस्तक काढलं. प्रत्येक चढाची माहिती आणि अवघडपणाचे गुण त्यात दिले. पुस्तक हाती आलं की माणसं त्या गावांत जातात, तिथल्या खानावळीत जेवतात आणि रस्ता खराब झाला तर आवाजही उठवतात.

महाराष्ट्रात चढाचं वेड कमी नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवण्याची ईर्ष्या आता लहान शहरांतही दिसते. सोलापूरकराला त्या सरावासाठी लागणारं सगळं दाराशी आहे.

म्हणून मागणं थोडकं आहे. इथल्या सायकलप्रेमींनी प्रत्येक चढाचा पायथा, माथा, लांबी, पाण्याची आणि सावलीची जागा लिहून काढावी आणि ती यादी शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचवावी. रस्ते बांधणाऱ्यांनी घाटात कडेची पट्टी स्वच्छ आणि सलग ठेवावी. साखर कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला मागे दिवा आणि चमकपट्टी असल्याखेरीज ऊस उतरवून घेऊ नये. यांतलं काहीच अशक्य नाही. एवढं झालं तर तुळजापूरचा घाट हा सोलापूरच्या प्रत्येक धडधाकट मुलाने आयुष्यात निदान एकदा सायकलवर चढलेला घाट असेल, आणि आपला मुलूख सपाट आहे असं ती मुलं पुन्हा म्हणणार नाहीत.