यंत्रमानवांची झुंज : खेळ आणि शिक्षण

यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या मुलांना यंत्राचे नावीन्य नाही. तथापि मुलाने यंत्रमानवाचा जुळणी-संच मागितला, की हा खर्चिक खेळ कशासाठी, असा प्रश्न पालकांस पडतो.

१९९४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे 'रोबोट वॉर्स' ही स्पर्धा भरली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'टेकफेस्ट' महोत्सवातही अशा झुंजी झाल्या आहेत. झुंजणारा यंत्रमानव बहुधा दूरनियंत्रणावर चालतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना स्वतंत्र मोटारी असतात. चाके एकाच दिशेने सारख्या वेगाने फिरली की तो सरळ धावतो, परस्परविरुद्ध फिरली की जागीच वळतो. फिरत्या पात्याचा वेग दुप्पट झाल्यास त्यातील ऊर्जा चौपट होते. म्हणून अशी झुंज भक्कम बंदिस्त रिंगणातच व्हावी. नवशिक्यांनी पात्याविना, केवळ ढकलाढकलीच्या खेळाने आरंभ करावा. लिथियम बॅटरी चार्ज होत असताना मोठ्या माणसाने जवळ असावे.

२०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांतच अशा साधनांची तरतूद करण्यात आली. घरी संच घेणे न परवडल्यास पालकांनी प्रथम शाळेत चौकशी करावी. झुंज काही मिनिटांत संपते. मोडलेला यंत्रमानव का मोडला हे शोधून तो पुन्हा उभा करण्यात मुलाचे खरे शिक्षण होते.