इम्युनिटीला ब्रेकही लागतो!

‘इम्युनिटी वाढवा’ हे कोरोनापासून तुम्ही हजार वेळा ऐकलं असेल. काढे, गोळ्या, पावडरी, व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड, सगळ्यांचा सूर एकच. पण नुसती वाढवून भागतं का? बाईकला अ‍ॅक्सिलरेटर आहे आणि ब्रेकच नाही, अशी गाडी धुळे-जळगाव हायवेवर काढून बघा म्हणजे कळेल.

आपल्या रक्तातल्या टी-पेशी बिघडलेल्या पेशी हुडकून मारतात. त्यांनी चांगल्या पेशींवर हात उचलू नये म्हणून त्यांच्यावर ‘पीडी-१’ नावाचा ब्रेक असतो. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये तो सापडला. कॅन्सरची गाठ एवढी लबाड, की ती नेमका हाच ब्रेक दाबून धरते. फौज दारात हजर, पण हात बांधलेले! हा ब्रेक सोडवणारी औषधं पुढे आली आणि होंजो यांना अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्यासोबत २०१८ चं नोबेल मिळालं.

ब्रेक सोडला की वेगळंच लफडं होऊ शकतं. मोकाट सुटलेल्या टी-पेशी आतडं, फुप्फुस, थायरॉइड, कशावरही तुटून पडतात. मग औषध थांबवून स्टिरॉइड द्यायची वेळ येते, म्हणजे पुन्हा ब्रेक. खरं तर शरीरात इतर पेशींना लगाम घालणाऱ्या टी-पेशींची वेगळी जातच असते. त्या संशोधनाला २०२५ चं नोबेल मिळालं.

आता आपल्याकडे या. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. (कॉलेजजवळच्या टपऱ्या बघून पटतं का, ते तुम्हीच सांगा.) खान्देशातून किती तरी कुटुंबं फाइल घेऊन रेल्वेने मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. पीडी-१ रोखणारं निवोलुमॅब तिथेही आहे, पण पूर्ण डोसचा खर्च लाखांत. सगळा कापूस विकला तरी पुरणार नाही.

टाटाच्या डॉक्टरांनी इथेच डोकं लावलं. ब्रेक सोडवायला एवढं औषध लागतंच कशाला? पीडी-१ तर कमी डोसमध्येही बऱ्यापैकी झाकला जातो. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलीग्रॅम. यांनी दिले दर तीन आठवड्यांनी फक्त २०! डोक्या-मानेचा कॅन्सर हाताबाहेर गेलेले १५१ पेशंट त्यांनी घेतले. काहींना नुसत्या स्वस्त गोळ्या, काहींना त्यासोबत हा छोटा डोस. वर्षानंतर पहिल्या गटात जगण्याचं प्रमाण १६.३ टक्के होतं, दुसऱ्यात ४३.४. गंभीर साइड इफेक्टही वाढले नाहीत. २०२२ मध्ये हा अभ्यास ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’त आला.

याला चमत्कार म्हणू नका. निम्मे पेशंट जितका काळ काढतात, तो ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेला, एवढंच. पण घरातल्यांना विचारा, साडेतीन महिने म्हणजे काय असतं ते.

आणि मित्र पुडी खात असेल, तर त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा पांढरा चट्टा, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर त्याला धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत घेऊन जा. एकटा तो जाणार नाही.