पेज, पातळ आणि दाट : पक्षाघातोत्तर गिळण्याच्या पुनर्वसनातील शब्दार्थाचा प्रश्न

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जामसंडे व त्यालगतचे देवगड येथे, किंबहुना सबंध दक्षिण कोकणात, आजाऱ्याच्या मुखी प्रथम पडणारे अन्न म्हणजे पेज. तापात वा अशक्तपणात हा उपचार योग्यच होय. पक्षाघाताने गिळण्याची क्रिया बिघडलेली असता मात्र हीच पेज घातक ठरू शकते. हा धोका वैद्यकीय खरा. परंतु त्याचे एक मूळ शब्दार्थात आहे.

उच्चाराची आणि गिळण्याची इंद्रिये बव्हंशी एकच आहेत. गिळताना मृदुतालू वर जाऊन नासिकामार्ग बंद करतो, स्वरयंत्र वर व पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात आणि अन्ननलिकेचे द्वार उघडते. घशातील ही सारी क्रिया सुमारे एका सेकंदात आटोपते. ती मंदावली की वेगाने वाहणारा द्रव श्वासमार्ग मिटण्यापूर्वीच त्यात उतरतो. त्यामुळे पाणी, चहा, सोलकढी ही वरकरणी सोपी पेये अशा रोग्यास पुष्कळदा सर्वांत अवघड जातात. पेजेत तर अडचण दुहेरी : शिते चावण्यासाठी तोंडात धरावीत, तोवर पाणी घशात ओघळलेले असते. ठसका लागल्यास संकट निदान कळते. घशाची संवेदना मंदावली असल्यास तोही लागत नाही. घोटानंतर आवाज ओलसर, घरघरता होणे ही खूण अशा वेळी उपयोगी पडते, तथापि ती नसली म्हणजे धोका टळला असे नव्हे. प, त, क या व्यंजनांच्या आवृत्तीवरून ओठांची व जिभेची हालचाल अजमावता येते. पण शुद्ध उच्चार ही निर्धोक गिळण्याची हमी नाही, हे भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवावे.

सुधारणेस वाव मोठा आहे. गिळण्याचे नियंत्रण मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत असते, पण ते समप्रमाणात नसते, असे शहीन हमदी व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखविले. पुढील अभ्यासांत, बचावलेला गोलार्ध हे कार्य अधिकाधिक उचलू लागतो तेव्हा रोगी सुधारतो, असे दिसून आले. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, स्वरयंत्र वर उचललेले काही क्षण तसेच धरणे, जोर लावून गिळणे हे उपाय प्रचलित आहेत. कोणता कोणास लागू पडेल, हे क्ष-किरण चलच्चित्रासारख्या तपासणीनंतर तज्ज्ञाने ठरवावयाचे असते.

आहाराची सूचना मात्र स्वयंपाकघरातच अमलात येते, आणि तेथे ‘दाट द्या’ एवढे सांगणे अपुरे पडते. मराठीत पातळ, सरसरीत, दाट, घट्ट अशी श्रेणी आहे. भातास मोकळा, आसट, गुरगुट्या हे शब्द आहेत. हे शब्द सापेक्ष आहेत. एका घरची दाट पेज दुसऱ्या घरी पातळ ठरते. शिवाय प्रमाण भाषेत पेज ‘पितात’. क्रियापदच पेला पुढे करते, चमचा नव्हे. ‘आमरसाइतके दाट’ ही उपमा देवगडच्या हापूसप्रदेशात सहज समजेल, पण रसही फळागणिक बदलतो. म्हणून शब्दास मापाची जोड हवी. आंतरराष्ट्रीय आहारश्रेणीत 0 ते 7 असे आठ स्तर असून, पेयांसाठी 10 मिलिलिटरची ठराविक लांबीची पिचकारी पुरते : भरून 10 सेकंद वाहू दिल्यावर 1 ते 4 मिलिलिटर उरल्यास स्तर 1, 4 ते 8 उरल्यास 2, त्याहून अधिक उरून थोडेतरी वाहिल्यास 3. पेज शितांसह घोटून, गाळून एकजीव केली तर तिलाही हेच माप लावता येते. मात्र लाळेतील पाचकद्रव्याने पिष्टाचा दाटपणा मोडतो. उष्टा चमचा भांड्यात परत बुडविला की पेज पुन्हा पातळ होऊ लागते. दुसरे असे की, दाट पेये रोगी कमी घेतो आणि किनाऱ्यावरील उकाड्यात शरीरातील पाणी घटते. त्यामुळे दिवसभरात किती पेले पोटात गेले, याची नोंद घरातील एकाने ठेवावी.