थोडं म्हणजे नेमकं किती?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई औषधाच्या दोन बाटल्या पिशवीत घालून आल्या. दोन्ही तापाच्या, दोन्हींवर पॅरासिटामॉल लिहिलेलं. एक चार वर्षांच्या नातीचं सिरप, दुसरी तान्ह्या नातवाचे ड्रॉप्स. ताई म्हणाल्या, "नातीचं सिरप संपलंय. यातलंच एक चमचा दिलं तर चालेल ना? औषध तर एकच आहे."

आम्ही बाटल्यांवरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि म्हटलं, "ताई, थांबा."

सिरपवर लिहिलं होतं, ५ एमएलमध्ये १२५ एमजी. ड्रॉप्सवर लिहिलं होतं, १ एमएलमध्ये १०० एमजी. म्हणजे ५ एमएलचा चमचा भरून ड्रॉप्स दिले असते, तर नातीच्या पोटात ५०० एमजी औषध गेलं असतं. नेहमीच्या चौपट! हे औषध जास्त झालं तर यकृताला इजा होते. तान्ह्या बाळाचं औषध म्हणजे सौम्य, असं आपल्याला वाटतं. पण बाळाला थेंबांत द्यायचं म्हणून ते उलट दाट केलेलं असतं.

म्हणून आज बोलू या, 'थोडं' सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांबद्दल. हे शब्द दोन तऱ्हेचे असतात.

पहिले अंदाजाचे. आपण चिमूटभर, कणभर, तीळभर म्हणतो. इंग्रजीतही तसंच आहे. 'पिंच' म्हणजे चिमूट, 'ड्रॉप' म्हणजे थेंब, 'ग्रेन' म्हणजे दाणा. आपले सोनार गुंजेच्या बीने सोनं तोलायचे, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तसं इंग्रजांकडेही 'ग्रेन' नावाचं वजन होतं, साधारण ६५ एमजीचं. हात आणि धान्य, मापाची सुरुवात सगळीकडे तिथूनच झाली.

मुलींच्या अभ्यासात येणारी एक गंमतही सांगतो. 'अ लिटल' म्हणजे थोडं आहे. पुढचा 'अ' काढला आणि नुसतं 'लिटल' म्हटलं, की अर्थ होतो जवळजवळ नाहीच. आपण म्हणतो, "हंड्यात थोडं पाणी आहे," आणि "हंड्यात थोडंच पाणी आहे." आपण 'च' लावून जे सांगतो, ते इंग्रजीत 'अ' काढून सांगतात. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांचंही तसंच.

आणखी एक शब्द 'ट्रेस', म्हणजे अगदी अंश. खाऊच्या पुड्यावर शेंगदाण्याचे 'ट्रेसेस' असू शकतील असं लिहिलेलं असतं. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याला तो अंशही बाधू शकतो. एकाच मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी आणि लाडवाचं पीठ करणाऱ्या गटांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरे शब्द मापाचे. इथे अंदाज चालत नाही. एमएल हे पातळ वस्तूचं माप, एमजी हे वजन. एक ग्रॅमचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक एमजी. त्या एका एमजीचे पुन्हा हजार भाग केले की एक एमसीजी. मधला एक 'सी' आला की माप हजारपट लहान होतं.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणारी रक्तवाढीची लाल गोळी घ्या. तिच्यात लोह ६० एमजी आणि फॉलिक ॲसिड ५०० एमसीजी असतं. नुसता आकडा पाहिला तर वाटेल फॉलिक ॲसिड जास्त. पण ५०० एमसीजी म्हणजे फक्त अर्धा एमजी. लोह त्याच्या १२० पट आहे.

मिठाच्या पुड्यावर 'पीपीएम' असतं. ते म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. १५ पीपीएम आयोडीन म्हणजे किलोभर मिठात १५ एमजी. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं सुमारे १५० एमसीजी, डोळ्याला दिसणारही नाही इतकं. पण तेवढं मिळालं नाही तर गलगंड होतो आणि गरोदरपणात बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

आता घरी काय करायचं? 'टीएसपी' म्हणजे छोटा चमचा, ५ एमएल. 'टीबीएसपी' म्हणजे मोठा, १५ एमएल. पण आपल्या मांडणीवरचे चमचे एका मापाचे नसतात. औषध द्यायचं ते बाटलीसोबत आलेल्या टोपणाने किंवा ड्रॉपरनेच. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला वापरायचा नाही. ०.५ मधला ठिपका नीट बघायचा. तो दिसला नाही तर दहापट औषध जातं. डॉक्टरांना किंवा आशाताईंना बाटली दाखवून विचारायचं, "यातलं किती एमएल?"

त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवून नातीचं सिरप आणलं. बाटलीवर मराठीत चिठ्ठी चिकटवली, कुणाचं आणि किती एमएल.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक बाटली आणावी, शाळेत जाणारी लेक असेल तर तिलाही आणावं. दोघी-दोघींनी मिळून वाचू या.