पत्र्याची होडी आणि खारे पाणी : आधी मीठ धुवा, मगच रंग लावा



खाडीकाठी खारजमीन कसणाऱ्यांना पेंढा, खत, भाताची पोती ने-आण करायला होडी लागतेच. काही ठिकाणी ही होडी लोखंडी पत्र्याची असते. गंज दिसला की वरून डांबर फासायचे आणि होडी पाण्यात लोटायची, असे पुष्कळजण करतात. त्याने गंज झाकला जातो, थांबत नाही. रंगाखाली राहिलेले मीठ ओल धरून ठेवते आणि पत्रा आतल्या आत खाल्ला जातो.

समुद्राच्या पाण्यात उघडा लोखंडी पत्रा दहा वर्षांत साधारण १ मिलिमीटर झिजतो. पण गंज सगळीकडे सारखा लागत नाही. जिथे खड्डा पडतो तिथे तो कितीतरी वेगाने आत शिरतो. ३ मिलिमीटरच्या पत्र्याला असे भोक भर खाडीत पडले, तर माल तर जातोच, जिवाशीही गाठ पडते.

दुरुस्ती कधी?
उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना. उधाणाच्या भरतीला होडी वर काढा. पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडाभर सवड मिळते.

दुरुस्ती कशी?

१. शेवाळ, कालवे खरवडा. मग हलक्या हातोडीने तळ ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर तिथे खडूने खूण करा. आतून पाणी साचते ती जागा जरूर बघा. होडी पाण्यात असताना मात्र ठोकू नका.

२. सुटलेले पापुद्रे काढून, तारेच्या ब्रशने लोखंड उजळ दिसेपर्यंत घासा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून धुळीचा मास्क लावा. साधे फडके पुरत नाही.

३. कुजका पत्रा चांगला भाग लागेपर्यंत कापा. तेवढ्याच जाडीचा, गोल कोपऱ्यांचा तुकडा जाणत्या वेल्डरकडून बसवून घ्या. त्याआधी डिझेलची टाकी काढून दूर ठेवा. पितळी किंवा तांब्याचे रिबिट मारू नका; त्याभोवतीचे लोखंड जास्तच गंजते.

४. आता मुख्य काम. गोड्या पाण्याने दोन-तीनदा चोळून धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

५. पत्रा वाळला की त्याच दिवशी, दव पडायच्या आत, इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात द्या. डब्यावर सांगितलेले प्रमाण आणि वेळ पाळून दुसरा हात, मग वरचा रंग. आतली बाजूही रंगवा.

६. पाण्याखालच्या भागात होडीसाठी मिळणारे जस्ताचे ठोकळे उघड्या लोखंडाला घट्ट जोडा. जस्त आधी झिजते आणि पत्रा वाचतो. ठोकळ्यांना रंग लावू नका. निम्मे झिजले की बदला.

एवढे केल्यावरही आत साचलेले पाणी रोज उपसा आणि दर उन्हाळ्यात एकदा तळ ठोकून बघा. गंज लवकर दिसला तर ब्रश आणि रंगावर भागते. उशिरा दिसला तर पत्राच बदलावा लागतो.