सर्वांनीं लिहावयाचा ज्ञानकोश

एखाद्या थोर पुरुषाचें जन्मवर्ष कोणतें, अमुक नदी कोठें उगम पावते, अशा प्रश्नावर घरांत वाद पडला तर पूर्वीं कपाटांतील जाडजूड ग्रंथ काढावा लागे. आतां शाळकरी मूलही हातांतील मोबाईलवर उत्तर शोधतें, आणि तें उत्तर बहुधा विकिपीडिया नांवाच्या ज्ञानकोशांतून आलेलें असतें. हा कोश फुकट वाचावयास मिळतो, ही गोष्ट श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्यांत कोणासही लिहितां येतें, इतकेंच नव्हे तर दुसऱ्याचें लिहिलेलें बदलतांही येतें, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. ज्या ग्रंथांत कोणीही लेखणी चालवावी, त्यावर विश्वास ठेवावा तो कशाच्या बळावर?

महाराष्ट्रास ज्ञानकोश नवा नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं वाई येथें मराठी विश्वकोशाचें काम झालें, व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. अशा ग्रंथांचा आधार म्हणजे संपादकांची विद्वत्ता. लेख जाणत्यानें लिहावयाचा, दुसऱ्या जाणत्यानें तपासावयाचा, आणि मगच तो छापावयाचा. हा क्रम खात्रीचा खरा. परंतु छापलेलें पान जुनें होतें, आणि त्यांतील चूक पुढील आवृत्तीची वाट पाहत बसते.

विकिपीडियाचा जन्मही अशाच एका प्रयत्नाच्या पोटीं झाला. अमेरिकेंत जिमी वेल्स यांनीं २००० सालीं न्युपीडिया नांवाचा कोश इंटरनेटवर काढला. लॅरी सँगर हे त्याचे मुख्य संपादक होते. तेथें प्रत्येक लेखास तपासणीच्या सात पायऱ्या चढाव्या लागत. परिणाम असा झाला कीं, वर्षभरांत जेमतेम वीसएक लेख पुरे झाले. वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञानें १९९५ सालीं अशी सोय केली होती कीं, इंटरनेटवरील पान वाचणाऱ्यासच तें तेथल्या तेथें बदलतां यावें. तिला त्यानें हवाई बेटांच्या भाषेंतील ‘विकी’, म्हणजे ‘त्वरित’, हा शब्द लाविला. त्याच सोयीवर उभारलेला विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झाला. पहिल्याच वर्षांत त्याचे लेख हजारोंच्या घरांत गेले. न्युपीडिया मात्र २००३ सालीं बंद पडला. त्याच सालीं स्थापन झालेली विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था आतां हा कोश चालविते. तिला नफा नको, कोशांत जाहिराती नाहींत. सर्व खर्च मुख्यतः देणग्यांवर भागतो.

यावरून तेथें बेबंदशाही आहे असें समजूं नये. समजा, केतकरांवरील लेखांत कोणी त्यांच्या मृत्यूचें वर्ष १९३७ बदलून १९२७ असें घातलें. प्रत्येक लेखास ‘इतिहास’ नांवाचें एक पान जोडलेलें असतें. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या सदस्यानें कोणता शब्द बदलला, हें सारें त्यांत नोंदलेलें असतें. जुना पाठ नाहींसा होत नाहीं; ज्याच्या लक्षांत येईल तो क्षणांत पूर्वीचा पाठ परत आणूं शकतो. मतभेद झाल्यास ‘चर्चा’ या पानावर वाद करावयाचा, आणि त्याचे नियमही ठरलेले आहेत. विधानास प्रसिद्ध व विश्वसनीय आधार हवा. लिहिणारानें स्वतःचें नवें संशोधन घालूं नये. आणि जेथें दोन पक्ष असतील तेथें दोहोंची बाजू तोलून मांडावी.

परंतु या व्यवस्थेचें सारें मर्म ‘लक्षांत येईल’ या दोन शब्दांत आहे. २००५ सालच्या मे महिन्यांत जॉन सीगेनथॉलर या वयोवृद्ध अमेरिकन पत्रकारावरील लेखांत एका निनावी इसमानें असें लिहिलें कीं, केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. वस्तुतः ते रॉबर्ट केनेडी यांचे एके काळचे साहाय्यक, आणि त्यांच्या शवपेटीस खांदा देणाऱ्यांपैकीं एक. हा आळ चार महिन्यांहून अधिक काळ जगापुढें तसाच राहिला. पुढें उघड झालें कीं, लिहिणारानें तो मजकूर निव्वळ थट्टेनें घातला होता. सीगेनथॉलर यांनीं वृत्तपत्रांत लेख लिहून ही हकीकत चव्हाट्यावर आणली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियांत नवा लेख सुरू करण्यास नोंदणी आवश्यक झाली, व हयात व्यक्तींविषयींचे नियम कडक झाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकानें विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतील शास्त्रविषयक लेखांच्या ४२ जोड्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. लेखामागें विकिपीडियांत सरासरी सुमारें ४, तर ब्रिटानिकेंत सुमारें ३ चुका निघाल्या. ब्रिटानिकेच्या चालकांनीं ही तपासणीच सदोष ठरविली. नेचरनें ती मागें घेतली नाहीं. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या. ज्या पानावर अनेक जाणत्यांची नजर असते, तें पान छापील ग्रंथाच्या जवळपास पोंचतें. ज्याकडे कोणी फिरकत नाहीं, तेथें खोटें महिनोन्महिने सुखानें नांदतें.

मराठी वाचकास हें विशेष लागू आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं सुरू झाला. इंग्रजींतील लेख ६० लाखांहून अधिक, तर मराठींतील लाखाच्या आसपास. आणि मराठींत नेमानें लिहिणारे व तपासणारे तर फारच थोडे. म्हणून एखाद्या गांवाचें वा किल्ल्याचें पान आधारावांचून लिहिलेलें आढळतें, आणि मुलें तेंच शाळेच्या वहींत उतरून घेतात.

यावर मुलांस तो कोश वाचूंच देऊं नये, हा उपाय नव्हे. तो वाचावा कसा, हें त्यांस शिकवावें. विधानाच्या शेवटीं बारीक आंकडा असतो, व तो लेखाच्या तळाशीं दिलेला आधार दाखवितो. आंकडा नसेल तर विधान ऐकीव समजावें. असल्यास तो ग्रंथ खरोखरच तसें म्हणतो कीं नाहीं, हें पाहावें. आणि चूक सांपडलीच, तर ती हंसण्यावारी न नेतां ग्रंथाचें नांव व पृष्ठ देऊन स्वतः दुरुस्त करावी. ज्या घरीं केतकरांचे खंड अद्याप कपाटांत असतील, त्या घरीं त्यांवरील धूळ झाडण्यास हें एक चांगलें निमित्त होईल.